सर बार्टल फ्रियर आणि अर्ध्या आण्याचे टपाल

आपल्या स्मरणिकेत आजवर ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची, दानशूर गृहस्थांची व शिक्षणप्रसारकांची चरित्रे येत गेली. यंदा त्या पंक्तीत एका परकीय राज्यकर्त्याला पाट मांडला आहे, हे पाहून कित्येक वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. त्यांना एवढेच विनवावयाचे आहे की, मंडळाची सभेची सूचना, वधूवरांची माहिती, वसतिगृहातील मुलाची खुशाली आणि सुरतेच्या वा मुंबईच्या गिरणीतून आलेली मनीऑर्डर ज्या वाटेने आपल्या घरांत आली, ती वाट कोणी व कशी आखली हे एकदा पाहून ठेवण्यासारखे आहे. गावोगाव पांगलेली ज्ञाती एका मंडळात बांधली गेली ती स्वस्त टपालाच्या धाग्यावर. त्या धाग्याचे एक टोक सिंधच्या वाळवंटात एका मुंबई इलाख्याच्या अधिकाऱ्याच्या हाती होते. त्याचे नाव हेन्री बार्टल एडवर्ड फ्रियर.

फ्रियरचा जन्म २९ मार्च १८१५ रोजी वेल्स प्रांतात झाला. हेलिबरी येथे कंपनी सरकारची जी पाठशाळा होती तीतून तो वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला व मुंबई इलाख्यात त्याची नेमणूक झाली. त्या काळी विलायतेहून मुंबईस येणे म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून चार-पाच महिन्यांचा समुद्रप्रवास. टपालही त्याच गलबतांतून येई. इकडून पाठविलेल्या पत्राचे उत्तर हाती पडावयास वर्ष उलटून जात असे. मिसर देशातून जमिनीवरून टपाल न्यावे, म्हणजे हा काळ निम्म्याहून कमी होईल, असा ध्यास वॅगहॉर्न नावाच्या एका दर्यावर्दी गृहस्थाने त्याच सुमारास घेतला होता. एकोणीस वर्षांच्या फ्रियरने सरकारी परवानगी काढली आणि तीच अनोळखी वाट धरली. माल्टा, अलेक्झांड्रिया, कैरो, नाईल नदीवरून वर, मग वाळवंट ओलांडून कोसेर बंदर, तेथून उघड्या नावेतून तांबड्या समुद्राने मोख्यापर्यंत, आणि मोख्याहून एका अरबी गलबतावर बसून मुंबई. १८३४ च्या सप्टेंबरात तो मुंबईस उतरला. ज्याने पुढे टपालाला पाय दिले, त्याने टपालाची वाट आधी स्वतःच्या पायांनी तुडविली होती, ही गोष्ट आम्हास लक्षात ठेवण्याजोगी वाटते.

त्याची पहिली वर्षे पुणे जिल्ह्यात गेली. जुन्या साराबंदीने रयत कशी पिळून निघाली आहे याचा शोध गोल्डस्मिड हा अधिकारी घेत होता. त्याच्या हाताखाली फ्रियरने गावोगाव हिंडून काम केले, मराठी बोलण्याचा सराव केला. गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापुराहून जी जमीनमोजणी सुरू केली ती पुढे इलाखाभर पसरली आणि आपल्या खानदेशातही आली. ती आपल्याकडे कशी आली हे जुन्या माणसांना सांगावयास नको. १८५२ च्या अखेरीस सावदा, रावेर, यावल ह्या पट्ट्यातील शेतकऱ्यांनी मोजणीला कडाडून विरोध केला, जमाव जमले, सरकारला फौज आणावी लागली आणि पुढाऱ्यांना कैद झाली. सारा हलका करण्यासाठी मोजणी आहे असे सरकार म्हणत होते. रयतेला तसे वाटत नव्हते. यावल तर शिंद्यांकडून कंपनीच्या अंमलात येऊन जेमतेम नऊ वर्षे झाली होती. नव्या सरकारच्या साखळीवर विश्वास ठेवावा तरी कशाच्या आधारावर?

१८४२ साली फ्रियर मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांचा खाजगी चिटणीस झाला व दोन वर्षांनी त्यांच्याच कन्येशी त्याचा विवाह झाला. १८४७ मध्ये त्याला साताऱ्याचा रेसिडेंट नेमण्यात आले. साताऱ्यास त्याच्या आधी आउट्रम होता. १८२५ साली धरणगावी भिल्ल पलटण उभारणारा तोच आउट्रम, ज्याच्या कथा खानदेशात पुष्कळ काळ सांगितल्या जात. १८४८ च्या एप्रिलात छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. तो दत्तक मान्य करावा, असे मत फ्रियरने स्पष्टपणे वर कळविले. लॉर्ड डलहौसीने ते मानले नाही व १८४९ मध्ये राज्य खालसा झाले. येथे फ्रियरचे दोन स्वभाव एकत्र दिसतात. त्याने अन्याय ओळखला, तो लेखी मांडला; आणि निर्णय विरुद्ध लागताच त्याच खालसा मुलखाचा कमिशनर होऊन कारभार हाकला. मराठी वाचकाला पहिल्याबद्दल आदर वाटेल. दुसऱ्याबद्दल काय वाटावे हे ज्याचे त्याने ठरवावे.

१८५० च्या अखेरीस त्याची सिंधच्या कमिशनरपदी नेमणूक झाली आणि येथून आपल्या विषयाला खरा आरंभ होतो.

त्या वेळी हिंदुस्थानात टपाल म्हणजे काय होते, हे थोडे सांगितले पाहिजे. जासूद, काशीद, सांडणीस्वार ही आपल्या पेशवाईतील नावे. राजाचे टपाल राजासाठी व सावकाराचे काशीद सावकारासाठी. साध्या कुणब्याचे पत्र न्यावयास कोणी बांधलेला नव्हता. कंपनीचे टपालही आरंभी कंपनीपुरतेच असे. क्लाइव्हने १७६६ मध्ये ते काहीसे लावून दिले, वॉरन हेस्टिंग्जने १७७४ साली कलकत्त्यास पोस्टमास्टर जनरल नेमून खाजगी पत्रांना मुभा दिली. मुंबईचे मोठे टपालघर १७९४ सालचे. १८३७ च्या कायद्याने टपाल नेण्याचा मक्ता सरकारने आपल्या हाती घेतला. पण हशील अंतरावर आकारीत. कलकत्त्याहून मुंबईस एक तोळा वजनाचे पत्र धाडावयास रुपया पडे, आग्र्यापर्यंत बारा आणे. पैसे रोख मोजावयाचे. पुष्कळदा ते घेणाऱ्याकडून वसूल होत. अंतर किती, वजन किती, हे टपाल मुनशी सांगेल तेच प्रमाण. प्रत्येक इलाख्याचा पोस्टमास्टर जनरल आपापल्या घरचा धनी, आणि सर्व देशाचा असा एक प्रमुख कोणीच नव्हता. मोठ्या फौजी रस्त्यांवर डाक धावे. आपल्याकडे मुंबई-आग्रा रस्ता धुळे, शिरपूर करीत जातो, त्यावर ती चालत असे. पण रस्ता सोडून दहा कोस आत गेले की काही नाही. तेथे सरकारी कागद शिपाई-पोलीस नेत आणि रयतेचे पत्र जत्रेला, बाजाराला निघालेल्या ओळखीच्या माणसाच्या पागोट्यात खोचून जाई.

सिंध प्रांत तर १८४३ मध्ये नेपियरने नुकताच जिंकलेला. कराची, हैदराबाद, सक्कर, शिकारपूर ही ठाणी एकमेकांपासून दूर, मध्ये वाळू व नदीचे फाटे. फ्रियरने पाहिले की, येथे हुकूम पोहोचेपर्यंत त्याचे प्रयोजन संपून जाते. जिल्ह्यांतील अंतर्गत टपालाची मांडणी त्याने नव्याने केली. पायी हरकाऱ्यांच्या जागी जेथे शक्य तेथे घोडे व उंट बांधले, सिंधू नदीच्या खोऱ्यातील ठाणी व कचेऱ्या ठराविक फेऱ्यांनी जोडल्या. आणि ही डाक त्याने सरकारी कागदांपुरती ठेवली नाही. सामान्य माणसाचे पत्रही ती नेईल, अंतर कितीही असो हशील अर्धा आणा, आणि ते आधीच द्यावयाचे, असा नियम केला. विलायतेत रोलंड हिल ह्या गृहस्थाच्या आग्रहाने १८४० साली एक पेनीचे टपाल व चिकटावयाचे तिकीट सुरू झाले होते. तेच तत्त्व फ्रियरने सिंधमध्ये आणले. कराचीचा पोस्टमास्टर एडवर्ड लीज कॉफी याने तपशील बसवून दिला. १ जुलै १८५२ रोजी सिंध डाकेचे तिकीट विक्रीस आले. हिंदुस्थानातील, किंबहुना सर्व आशिया खंडातील, हे पहिले टपाल तिकीट होय.

ते दिसावयास अगदी साधे. वाटोळे, त्यावर कंपनीचे व्यापारी चिन्ह, हृदयाच्या आकृतीत कंपनीची आद्याक्षरे, भोवती सिंध जिल्हा डाक ही इंग्रजी अक्षरे, खाली अर्धा आणा. राणीचे मुख नाही, राजमुद्रा नाही. वखारीतील गाठोड्यावर मारावी तशी निशाणी. ते तीन तऱ्हांनी निघाले. एक लाल लाखेसारख्या चकतीवर, एक पांढऱ्या कागदावर उठावाचे, एक निळे. लाल चकत्या हाताळताना तडकत, कचकन तुटत. त्यामुळे त्यांपैकी फारच थोड्या आज शिल्लक आहेत व संग्राहक त्यांना जिवापलीकडे जपतात. सिंधच्या उन्हात उंटाच्या पाठीवरील थैलीत लाखेची चकती टिकेल असे ज्याला वाटले, त्याने उंटावर बसून फार प्रवास केला नसावा, असा विनोद करावासा वाटतो. पण फ्रियर स्वतः घोड्यावर बसून प्रांतभर हिंडणारा होता, तेव्हा तो विनोद त्याला लागू पडत नाही.

अर्ध्या आण्याचे महत्त्व पैशांपुरते नव्हते. तिकीट विकत घेतले की पत्र पुढे जाण्याचा हक्क पत्र टाकणाऱ्याच्या हाती येतो. मुनशीची मेहेरबानी लागत नाही, अंतराचा हिशेब समजावा लागत नाही. शिकारपूरच्या सावकाराला आणि खेड्यातील मुलाला एकच दर. सरकारने रयतेशी बोलताना एक ठरलेला भाव सांगावा व तो सर्वांना सारखाच असावा, ही गोष्ट त्या काळात किती दुर्मिळ होती! ज्या वर्षी सिंधमध्ये हा भाव ठरला त्याच वर्षी आपल्या शेतांत साखळी पडत होती, आणि तेथे मात्र शेजाऱ्याचा आकार एक व आपला दुसरा का, हे कोणी पटवून देऊ शकत नव्हते.

टपालाबरोबर फ्रियरने आणखी एक काम हाती घेतले, त्याचा संबंध फार थोड्यांच्या ध्यानी येतो. सिंधमध्ये दरबारी लिखाण फारसीत चाले. सिंधी बोलीला सर्वमान्य अशी एक लिपी नव्हती. व्यापारी एक लिही, मुल्ला दुसरी, अमील तिसरी. फ्रियरने अधिकाऱ्यांना सिंधी शिकण्याची सक्ती केली आणि एलिस ह्या आपल्या साहाय्यकाकरवी १८५३ साली बावन्न अक्षरांची अरबी वळणाची सिंधी लिपी ठरवून घेतली. तीच पुढे रूढ झाली. पत्र पोहोचविणारा आहे पण पत्र लिहावयास अक्षर नाही, तर उंट बांधून काय उपयोग? हा विचार त्याने केला, यात त्याची दृष्टी दिसते.

सिंधचे तिकीट दोन वर्षे तीन महिनेच चालले. इकडे डलहौसीने १८५० साली टपालाच्या चौकशीसाठी समिती नेमली होती. तिच्या अहवालावरून १८५४ चा सतरावा कायदा झाला. सर्व देशाचे टपाल एका डायरेक्टर जनरलच्या हाती आले. पहिला डायरेक्टर जनरल रिडेल नावाचा होता, आणि इलाख्यांचे पोस्टमास्टर जनरल त्याच्या हाताखाली गेले. त्या वेळी देशात ७०१ टपालघरे होती. १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, अर्ध्या तोळ्याला एक आणा, तोळ्याला दोन आणे, मग ते पेशावरास जावो की रामेश्वरास. त्याच वेळी सिंधची तिकिटे रद्द झाली. सातारा गिळंकृत करणारा, दत्तक नाकारणारा डलहौसी हाच स्वस्त टपालाचा, तारेचा व आगगाडीचाही कर्ता, ही आपल्या इतिहासातील मोठी अडचणीची गोष्ट आहे. फ्रियरकडे देशाचे टपाल कधीच नव्हते. परंतु देशाच्या टपालाने जे १८५४ साली केले ते त्याने एका कोपऱ्यात आधी करून दाखविले होते.

१८५७ चा भडका उडाला तेव्हा फ्रियर नुकताच विलायतेहून परत येत होता. कराचीस उतरताच मीरतची बातमी कळली. त्याने आपल्या प्रांतातील फौज नदीतून मुलतानाकडे रवाना केली, स्वतःजवळ फारच थोडी ठेवली. पंजाब इंग्रजांच्या हातून गेला नाही, त्यात ह्या मदतीचा मोठा वाटा होता व विलायतेच्या पार्लमेंटने त्याचे आभार मानले. तार व डाक ह्या दोन्ही गोष्टी त्या वर्षी कोणाच्या उपयोगी पडल्या हे उघड आहे. जी वाट खुशाली आणते तीच फौजेचा हुकूमही आणते.

१८६२ ते १८६७ अशी पाच वर्षे फ्रियर मुंबईचा गव्हर्नर होता. मुंबई किल्ल्याचे तट पाडून शहर मोकळे करणे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजची नवी इमारत, बोरघाटातून पुण्याकडे व थळघाटातून आपल्या खानदेशाकडे आगगाडी ही सारी कामे त्याच्या कारकिर्दीतील. पैकी थळघाट १८६५ साली खुला झाला आणि भुसावळ व मुंबई यांमधील अंतर दिवसांवरून तासांवर आले. त्याची वडील कन्या मेरी हिने, आपल्या घरी असलेल्या अ‍ॅना लिबेराता डिसूझा ह्या बाईकडून ऐकलेल्या दख्खनच्या लोककथा टिपून १८६८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या.

परंतु खानदेशाला फ्रियरची कारकीर्द आठवावी ती कापसामुळे. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस बंद पडला व मँचेस्टरच्या गिरण्या आपल्याकडे वळल्या. कलेक्टर अ‍ॅशबर्नर यांनी हिंगणघाटचे बी आणवून खानदेशात पेरावयास लावले. जळगाव हे तोवर मामुली गाव. ते पाहता पाहता कापसाची पेठ झाले. मुंबईत सोन्याचा पूर आला, रोज नवी कंपनी व रोज तिचे चढे शेअर. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील लढाई संपल्याची बातमी आली. भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांचा दिवस. त्या दिवशी मुंबईतील मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या, आणि जळगावच्या पेठेलाही जबर धक्का बसला. सिंधच्या तिकिटाला त्याच दिवशी तेरा वर्षे पूर्ण होत होती! बँक ऑफ बाँबेने शेअरांच्या तारणावर बेसुमार कर्जे दिली होती. तीत सरकारचे भांडवल व सरकारचे डायरेक्टर होते. वेळीच लगाम खेचला नाही, हा ठपका पुढील चौकशीत फ्रियरवरही आला. आम्हास तो योग्य वाटतो. सिंधमध्ये अर्ध्या आण्याचा हिशेब पाहणारा मनुष्य मुंबईत कोट्यवधींच्या हिशेबाकडे पाहत राहिला.

विलायतेस परतल्यावर तो इंडिया कौन्सिलचा सभासद झाला. १८७२-७३ मध्ये झांजीबारच्या सुलतानाकडे जाऊन गुलामांचा व्यापार बंद करण्याचा प्रश्न त्याने धसास लावला. युवराजांच्या १८७५-७६ च्या हिंदुस्थानच्या सफरीत तो बरोबर होता. येथेच थांबता तर चरित्र निष्कलंक म्हणता आले असते. १८७७ साली त्याला दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर म्हणून धाडले. तेथील सर्व वसाहती एकत्र करावयाच्या तर झुलू राजा सेटेवायो याचे बळ मोडले पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतले. लंडनचे सरकार लढाईला राजी नव्हते. पण केप व लंडन यांमध्ये तेव्हा तार नव्हती. पत्र बोटीने जावयाचे, उत्तर बोटीने यावयाचे, आठवड्यांमागून आठवडे. नकार हाती पडण्यापूर्वीच डिसेंबर १८७८ मध्ये फ्रियरने झुलूंना असा निर्वाणीचा खलिता दिला की तो मान्य होणे शक्यच नव्हते. २२ जानेवारी १८७९ रोजी इसांडल्वाना येथे झुलूंनी इंग्रज फौजेची धूळधाण केली. पुढे जुलैत उलुंदीला झुलूंचे राज्य बुडाले, हजारो माणसे दोन्हीकडून मेली. टपाल जलद करण्यात ज्याने आपली उमेद घालविली, त्यानेच मंद टपालाचा आडोसा घेऊन एक अन्याय्य युद्ध पेटविले. आफ्रिकेची समुद्रतार जोडली गेली ती त्याच वर्षाच्या अखेरीस. १८८० मध्ये त्याला परत बोलाविण्यात आले. २९ मे १८८४ रोजी तो विंबल्डन येथे वारला व लंडनच्या सेंट पॉल मंदिरात त्याला पुरण्यात आले.

इकडे टपालाचे झाड वाढत गेले. १८७९ साली पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे, कार्ड निघाले. १८८० मध्ये मनीऑर्डर टपालघरांकडे आली. १८८२ मध्ये सेव्हिंग्ज बँक. गावच्या शाळामास्तरालाच टपालाचे काम जोडून दिल्यामुळे खेड्यात टपाल शिरले. पत्र वाचून दाखविणारा व उत्तर लिहून देणाराही तोच. यावलचा हातकागद एके काळी नावाजलेला होता, जाडाभरडा पण चिवट. वह्या व खतपत्रे त्यावर लिहिली जात. कार्ड व गिरणीचा कागद आल्यावर तो धंदा मागे पडला. जुन्या घरांच्या माळ्यांवर, कोनाड्यांत, तारेला टोचून ठेवलेल्या कार्डांचे गठ्ठे अजून सापडतात. ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते वाळवी लागण्यापूर्वी उतरवून घ्यावेत, त्यांवरील शिक्क्यांच्या तारखा नोंदवाव्यात. आपल्या ज्ञातीचा पुष्कळसा इतिहास त्यांतच आहे.

पाकिस्तानने १९५२ साली सिंध डाकेच्या शताब्दीनिमित्त तिकिटे काढली. भारताने १९५४ मध्ये आपल्या टपाल तिकिटांची शताब्दी साजरी केली. कराचीत फ्रियर हॉल उभा आहे. मुंबईत ज्या कारंज्याला फ्रियरचे नाव द्यावयाचे ठरले होते ते फ्लोरा फाउंटन झाले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांमुळे तो चौक हुतात्मा चौक म्हणून ओळखला जातो. गोदीकडील फ्रियर रोडला पी. डिमेलो मार्ग हे नाव मिळाले. त्याच्याजवळच, विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीवर बांधलेले व १९१३ साली पुरे झालेले मुंबईचे मोठे टपालघर आहे. भुसावळहून रातगाडीने शेवटच्या स्टेशनापर्यंत गेलेल्या आपल्या मंडळींनी बाहेर पडताच थोडी वाकडी वाट केली तर त्याचा घुमट दिसतो.